दोन मिस्ड कॉल म्हणजे पेज

आमच्याकडे डब्याची ऑर्डर कधी कुणी तोंडाने दिली नाही, ती वाजून यायची. एक मिस्ड कॉल म्हणजे एक साधा डबा : तीन पोळ्या, भाजी, वरण, भात. लागोपाठ दोन मिस्ड कॉल म्हणजे त्यासोबत पेशंटसाठी पेज. सकाळी आठ ते साडेनऊ ही वाजवायची वेळ, आणि फोन उचलायचा नाही हा दोन्हीकडचा करार. परळच्या हॉस्पिटलांमध्ये गावाहून पेशंट घेऊन आलेली माणसं महिना-महिना धर्मशाळेत नाहीतर फुटपाथवर काढायची. त्यांच्या फोनमध्ये बॅलन्स म्हणजे अडीअडचणीला राखून ठेवलेली चीज, तो डब्यासाठी कोण घालवेल? ही पद्धत कुणी काढली असं मी आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "काढली कुणी नाही, पडली." तेवढ्यावर तिने विषय संपवला आणि कणकेला तेलाचा हात लावला.

आमची खोली भोईवाड्यात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. दाराच्या समोर ओटा, ओट्याशेजारी मोरी, डाव्या भिंतीला बाबांची खाट, खाटेच्या डोक्यावर टीव्ही. ओट्यासमोरच्या भिंतीत कोनाडा नव्हता, म्हणून फोन ठेवायची फळी मागच्या भिंतीवर, बुद्धाच्या मूर्तीच्या जरा खाली. फोन जुना, त्याच्या यादीत शेवटचे पाच-सहाच कॉल राहायचे, आधीचे पुसून जायचे. आई पोळ्या लाटायला उभी राहिली की तिची पाठ फळीकडे व्हायची. सकाळी त्या खोलीत काय काय वाजत असे! दोन कुकर, एक्झॉस्ट फॅन, शेजारच्या मालती मावशींचा रेडिओ, खाली कोर्टाकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न, मोरीत पडणारं पाणी. आई जोरात बोलायची. आमची सगळी चाळच जोरात बोलते, त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. आजसुद्धा मी वर्गात शिकवते तेव्हा शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात.

डब्यासाठीचा स्वयंपाक वेगळा आणि आमचा वेगळा. डब्यात तिखट कमी, तेल कमी, भाजी दुधी नाहीतर पडवळ. आजारी माणसाच्या शेजारी बसून खाणाऱ्याला झणझणीत वास नको, असं आईचं म्हणणं. आमच्यासाठी मग उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, नाहीतर चवळीची आमटी. पेजेचं मात्र तिला फार कौतुक. जाड तांदूळ आदल्या संध्याकाळी भाजून ठेवायची, सकाळी मंद गॅसवर चढवायची, मीठ शेवटी. पेज किती पातळ करायची हे ती पेशंटचं वय आणि आजार विचारून ठरवायची, म्हणजे पेशंटच्या घरची माणसं डबा घ्यायला समोर आली की विचारायची. अकरा वाजता दोन पिशव्या घेऊन ती स्वतः निघायची आणि धर्मशाळेपासून सुरुवात करून गेटागेटांवर डबे पोचवायची. हे सगळं तिचं एकटीचं राज्य होतं. बाबा वडाळ्याच्या रेल्वे यार्डात फिटर, त्यांची पाळी कधी सकाळची कधी दुपारची, आणि मी कॉलेजात, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. विषय इलेक्ट्रॉनिक्स. घरातला मिक्सर मी दोनदा उघडला होता आणि एकदाच परत जोडला होता, एवढी माझी कीर्ती.

त्या वर्षी दिवाळीनंतर डबे चुकायला लागले. आधी आठवड्याला एखादा, मग दोन-तीन. माणसं गेटावर उभी राहायची, आई पिशवी उघडायची, त्यांच्या नावाचा डबाच नसायचा. "वाजवला होता की," ते म्हणायचे. "आलाच नाही," आई म्हणायची, "आमच्याकडे नेटवर्क नाही बघा." आणि हे सगळ्यांना पटायचं. का पटू नये? समोरच्या गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला होता, त्याच्या सावलीत आमची गॅलरी दुपारी दोनलाच अंधारायची. ऊन अडतं तर नेटवर्क का अडणार नाही? मालती मावशी देवगडच्या, त्यांचे यजमान त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्या म्हणायच्या, गिरण खाल्ल्यांनी, आता नेटवर्कपण खाल्ल्यांनी. मीही मान डोलवायची. इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी मी, आणि हातात मोजमाप काही नसताना मान डोलवत होते.

मग रावते काका आले. साताऱ्याकडचे, बायकोला घेऊन दीड महिना धर्मशाळेत होते. त्यांच्या बायकोला नळीतून खायला देत होते, आणि त्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदा तोंडाने पेज द्यायला सांगितलं होतं. दोन मिस्ड कॉल द्यायचे ते त्यांनी दिले होते, खात्रीसाठी वर आणखी एक. पेज आली नाही, आणि आई गेटावर आली तेव्हा ते वॉर्डात अडकले होते. आई डबे देऊन परतली, जेवायला बसणार एवढ्यात हे जिने चढून दारात. रागावलेले नव्हते, तेच वाईट वाटलं.

"ताई, तीनदा वाजवला बगा," ते म्हणाले. "म्हनलं, आजारी-बिजारी पडलाय का काय. म्हनून आलो."

आईने त्यांना बसवलं, नेटवर्कला दोन शिव्या घातल्या आणि जेवण तसंच ठेवून पेज चढवली. तोवर तिकडे त्यांच्या बायकोला चहात भिजवलेलं बिस्किट दिलं होतं आणि ते तिला ठसकलं होतं. हे त्यांनी सहज सांगितलं. ते गेल्यावर आई कितीतरी वेळ भांडीच घासत बसली. डब्याचे लोक एकमेकांना सांगूनच डबा लावतात. धर्मशाळेत एकाने जरी सांगितलं की त्या बाईचा भरवसा नाही, तर सगळे दुसरीकडे वाजवायला लागणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही. माझी फी त्याच पिशव्यांतून यायची. पण खरं सांगते, त्या वेळी मला फीपेक्षाही एक गोष्ट छळत होती : कॉल जातो, मग तो अडतो कुठे? मला ते बघायचंच होतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये मोरे सर होते. त्यांना काही मागितलं की आधी 'कशाला' विचारायचे आणि उत्तर पटलं तर कपाटाची किल्लीच हातात द्यायचे. त्यांनी मला हाताच्या तळव्याएवढा एक कम्प्युटर दिला, म्हणजे नुसता हिरवा बोर्ड, ना डबा ना पडदा, आणि त्याला जोडायचं एक मॉडेम. मॉडेम म्हणजे तरी काय, आतड्यानिशी बाहेर काढलेला मोबाइल. त्यात सिम घालायचं, बाहेर अँटेना लावायचा, आणि बोर्डाच्या सिरियल पोर्टमधून त्याच्याशी बोलायचं. ते टू-जीचं मॉडेम आज कुणाला फुकट दिलं तरी घेणार नाही. तेव्हा मी ते रुमालात गुंडाळून, दप्तर छातीशी धरून घरी आणलं. माझा बेत सरळ होता. मॉडेम आईच्या फोनशेजारी फळीवर ठेवायचं, तिथे नेटवर्क किती येतं ते आकड्यात काढायचं, आणि कमी आलं की अँटेना गॅलरीत टांगायचा. घरात पडदा म्हणून टीव्ही होताच, त्याच्या मागे पिवळी पिन खुपसली. आईची दुपारची मालिका बुडाली. ती म्हणाली, "बघ बाई, मिक्सरासारखं करू नकोस."

तीन वायर जोडायच्या होत्या. एक बोलायची, एक ऐकायची, एक दोघांच्या सामाईक जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. मी मोठ्या विश्वासाने बोलण्याला बोलणं आणि ऐकण्याला ऐकणं जोडलं, नाव सारखं ते सारख्याला. मॉडेमला AT असं लिहून पाठवलं की त्याने OK म्हणायचं असतं. ते काही बोलेना. दोन दिवस गेले. शेवटी सरांना वहीत काढून दाखवलं तर सर हसले. "अगं, दोघंही एकाच वायरवर बोलतायत आणि दुसऱ्या वायरीला दोघंही कान लावून बसलेत. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लाव." वायरी उलटसुलट केल्या. आता मॉडेम बोललं, पण जे बोललं ते ERROR, तेही न विचारता. त्याचं कारण शोधायला आणखी एक दिवस. आमचा बोर्ड सुरू होताना त्याच पोर्टमधून आपली सगळी जन्मकहाणी सांगत सुटायचा आणि बिचाऱ्या मॉडेमला वाटायचं हा मलाच हुकूम सोडतोय. बोर्डाची ती बडबड बंद करायला एका फाइलमधली एक ओळ पुसावी लागली. मग तिसरं दुखणं : मॉडेमने मोबाइलचा टॉवर शोधायला सुरुवात केली की बोर्ड बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. टॉवरला हाक मारताना ते एकदम करंटचा घोट घेतं, आणि आमच्या एकाच चार्जरवर दोघांचं भागत नव्हतं. बाबांनी यार्डातल्या कुणाकडून तरी दुसरा ॲडाप्टर आणून दिला. खाटेवर बसून ते सगळं बघत असायचे, मधून विचारायचे, "बोललं का गं?" आणि मी नाही म्हटलं की पेपरात डोकं घालायचे.

शनिवारी संध्याकाळी ते बोललं. AT लिहिलं, एंटर दाबलं, आणि टीव्हीच्या काळ्या पडद्यावर OK आलं. त्यानंतर आयुष्यात मी पुष्कळ मोठी यंत्रं चालू केली आहेत, पण त्या दोन अक्षरांना जी मजा होती ती कशालाच नाही. मी बाबांना हाताला धरून उठवलं. ते चष्मा लावून म्हणाले, "एवढंच?" मग त्यांनीच मला पुन्हा लिहायला लावलं, पुन्हा OK आलं, आणि ते खूश होऊन मालती मावशींना सांगायला गेले. मी पुढचा प्रश्न विचारला, सिग्नल किती? त्याचं उत्तर शून्य ते एकतीसमध्ये येतं. मी पाच-सहाची वाट बघत होते. आलं तेवीस. मी पुन्हा विचारलं. चोवीस. मग परत तेवीस. अँटेना काढून ठेवला तरी ते पंधराच्या खाली उतरेना. फळीवर, आईच्या फोनला खेटून, काचेच्या टॉवरच्या सावलीत, नेटवर्क उत्तम होतं. मला वाटलं, मॉडेम खोटं बोलतंय. सिम तर आईच्याच कंपनीचं होतं, बाबांचं जुनं.

रविवारी सकाळी मी ठरवलं की नुसता आकडा नको, प्रत्यक्ष वाजवून बघू. साडेनऊ होऊन गेले होते, ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या, आई शेवटच्या पोळ्या लाटत होती. कुकर उतरलेले, एक्झॉस्ट बंद, मालती मावशींचा रेडिओही त्या दिवशी गप्प. एरवी त्या खोलीत इतकी शांतता मिळत नसे, ती त्या दिवशी मिळाली. बाबा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांचाच फोन घेऊन मी आधी मॉडेमला रिंग दिली. टीव्हीवर RING, RING अशा ओळी खाली-खाली उमटायला लागल्या. मग ती तोडून आईच्या फोनला दिली. फळीवरचा फोन उजळला आणि वाजला, मोठ्याने, तिने हौसेने लावलेली सनईची ट्यून. मी आईकडे बघितलं. ती पोळी लाटत होती. तिने ती तव्यावर टाकली, उलटली, दुसरा उंडा घेतला. सनई वाजतच होती. मी बाबांकडे बघितलं, तर ते फोनकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. रिंग आपोआप संपली. बाबांनी पेपराची घडी घातली आणि हळूच म्हणाले, "कळलं ना? आता बस कर."

त्यांना माहीत होतं. मग माझ्या एकेक लक्षात यायला लागलं. बाबा हल्ली जेवताना आईच्या शेजारी न बसता समोर बसायचे. संध्याकाळी आई फोन कमरेला खोचून ठेवायची, थरथरला की काढून बघायची. सकाळी हाताला पीठ-तेल म्हणून तो फळीवर, आणि पाठ फळीकडे. मधूनमधून वळून पडदा उजळलाय का बघायची, वेळेवर वळली तर डबा मिळाला, नाही वळली तर नेटवर्क. मिस्ड कॉलच्या धंद्यात कुणाशी बोलायचंच नसतं, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, मी तर गावाच्याही पुढे टॉवरपर्यंत गेले होते. त्या तीन वायरींसाठी मी आठवडाभर कान टवकारून बसले होते आणि माझ्या आईला ऐकू येत नाही हे मला कळलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. आजही ते लिहिताना वाटते.

मी ओट्याच्या बाजूने जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काय म्हणतंय तुझं मशीन? आहे का नेटवर्क?"

"आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे."

तिने गॅस बारीक केला. पदराला हात पुसले, तेही सावकाश, एकेक बोट. मग म्हणाली, पावसाळ्यापासून डावा कान गेलाय, उजव्यात भिंतीपलीकडून कुणी बोलल्यासारखं येतं. मी चिडले. मला आधी चिडताच येतं, रडू नंतर येतं. सांगितलं का नाहीस, म्हणून मी ओरडले, आणि ओरडले तेव्हा तिला ते नीट ऐकू आलं असणार.

"तुला सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडून इथे उभी राहिली असतीस," ती म्हणाली. "आणि बाहेर सांगितलं असतं तर बहिरीकडे डबा कोण वाजवणार? रावत्यांच्या बायकोचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, मला कळत नाही का? पण एवढा महिना निभव म्हणत म्हणत चाललंय माझं."

त्या दिवशी आमच्याकडे कुणी धड जेवलं नाही. दुपारी बाबा म्हणाले, तिचा कान मी बघतो, सोमवारी नेतो डॉक्टरकडे, तू डब्याचं बघ. म्हणजे मीच करायचं होतं. सोमवारी सरांनी 'कशाला' विचारलं, मी खरं सांगितलं, आणि त्यांनी एक रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमाने चालणारं बटण, आणि दोन ओळींचा छोटा डिस्प्ले काढून दिला. डब्याचं सिम आईच्या फोनमधून काढून मॉडेममध्ये घातलं. ओट्याच्या वर, बरोबर तिच्या डोळ्यांसमोर, लाल झीरोचा बल्ब लावला. मॉडेमकडून RING आलं की बोर्ड बल्ब पेटवायचा, नंबर ओळखून डिस्प्लेवर नाव दाखवायचा, आणि लागोपाठ दोनदा आलं तर नावापुढे 'पेज' लिहायचा. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आईने मला तोंडपाठ सांगितली, कुणाच्या पेशंटला काय झालंय त्यासकट. पहिल्या सकाळी बल्ब पेटला आणि आई एक पाऊल मागे सरली. मग पुढे होऊन वाचलं, "रावते. पेज." आणि पातेलं चढवलं. त्या आठवड्यात एकही डबा चुकला नाही, पुढच्याही नाही. चाळीत विचारलं तर ती सांगायची, नेटवर्कचा बल्ब आहे. दोन दिवसांत मालती मावशी दारात. "गो बाय, आमका पण एक तसलो लाव." बाबांनीच त्यांना सांगितलं की मशीन कॉलेजचं आहे.

कानाचं मशीनही मिळालं पुढे, पण ते तिने फारसं घातलं नाही. कुकरची शिट्टी त्यातून अंगावर यायची म्हणे. डबे सुटले नाहीत, पण मला एक नवीन भीती लागली. मागून जाऊन खांद्याला हात लावला की आई दचकायची. हातात गरम पळी, समोर उकळतं वरण, आणि घरातलं माणूस आलं की ही दचकणार. एकदा तेल मनगटावर उडालं. तेव्हापासून मी दारातून आत येताना भांडं आपटायची, पाय आपटायची, काही उपयोग नव्हता. बाबा पाळीवरून आले की बाहेरच ताटकळायचे, ती वळेपर्यंत. आपल्याच घरात पाव्हण्यासारखे.

फेब्रुवारीत एका सकाळी रावते काकांचा एक मिस्ड कॉल आला. एकच. म्हणजे साधा डबा, पेज नाही. आईचा चेहरा उतरला. पेज नाही म्हणजे काय, हे आम्ही दोघी एकमेकींना विचारलं नाही. सुट्टी होती, सगळ्या डब्यांच्या पिशव्या घेऊन मीच गेले. धर्मशाळेच्या गेटाशी रिक्षा उभी, रिक्षात काका, आणि शेजारी शाल पांघरून बसलेल्या त्यांच्या मंडळी. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बारीक चणीच्या, डोळे मात्र टपोरे.

"डबा नको होता गं पोरी," काका म्हणाले. "गावाला निघालोय. निघालो म्हनून सांगाया वाजवला नुसता."

पण डबा त्यांनी घेतला. वाटेत खाऊ म्हणाले. त्यांच्या मंडळींनी माझ्या आईचं नाव विचारलं, दीड-दोन महिने तिच्या हातची पेज खाऊन त्यांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. रिक्षा गेली. बाकीचे डबे पोचवून मी भोईवाड्याकडे चालत आले, जिने चढले, गॅलरीतून आमच्या दाराशी आले. आई पाठमोरी उभी राहून पापलेटला मसाला लावत होती. गॅसवर तेल तापलेलं. ही आनंदाची बातमी कधी एकदा सांगते असं झालं होतं, पण मी उंबऱ्यातच थांबले. नुसतं सांगायला वाजवता येतं, हे इतके दिवस मला कसं सुचलं नव्हतं? मी खिशातून फोन काढला आणि डब्याच्या नंबरला रिंग दिली. ओट्यावरचा लाल बल्ब पेटला. आईने वर बघितलं. डिस्प्लेवर नाव नव्हतं, मी माझा नंबर घातलाच नव्हता, नुसते दहा आकडे. ते तिने ओळखले. गॅस बंद केला, मसाल्याचे हात तसेच धरून वळली आणि "आलीस?" म्हणाली. दचकली नाही.